शेवटचा अंक पुसला तरी

माझा वर्ग आणि एसेनगुलचा वर्ग यांच्या मध्ये लाकडी फळ्यांची एक भिंत होती. जुन्या गोठ्यातून काढून आणलेल्या त्या फळ्या. त्यांच्या फटींतून वारा यायचा, कोळशाचा धूर यायचा आणि गणितही यायचं. मी अलीकडे मुलांना भाषा शिकवायचे, तो पलीकडे गणित. मुलं त्याला अगाय म्हणायची आणि मला एजे. नारिन नदीकाठच्या आमच्या गावांत मास्तरांना आणि बाईंना असंच म्हणतात. दर वर्षी शाळा उघडली की पहिल्या दिवशी पलीकडून तेच नाटक ऐकू यायचं. आधी खडू करकरायचा. मग एसेनगुलचा आवाज, "ही संख्या मोडून दाखवा रे."

फळ्यावर असायचं ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

मोडणं म्हणजे दोन लहान संख्यांचा गुणाकार करून ती बनते का ते शोधणं. बारा मोडते, तीन चोक. पंधरा मोडते. तेरा मोडत नाही. न मोडणाऱ्यांना पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. एसेनगुल त्यांना अख्ख्या म्हणायचा. पोरं तुटून पडायची. दोनाने भाग जात नाही, पाचाने जात नाही. अंकांची बेरीज अडतीस, म्हणजे तिनानेही नाही. सात, अकरा, तेरा करता करता हुशार पोरांच्याही नाकी नऊ आले की तो म्हणायचा, "थांबा, जरा सोपी करून देतो," आणि बाहीने शेवटचा तीन पुसून टाकायचा. उरायची ७३९३९१३. तीही मोडायची नाही. पुन्हा शेवटचा अंक पुसायचा. सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्क्याण्णव. मोडत नाही. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. मोडत नाही. सात हजार तीनशे त्र्याण्णव, सातशे एकोणचाळीस, त्र्याहत्तर. शेवटी फळ्यावर एकटा सात उरायचा आणि सगळा वर्ग बोंबलायचा, "मोडत नाही, अगाय!" माझ्या वर्गातली कविता तिथेच बंद पडायची.

"एवढा आरडाओरडा कशाला लागतो रे?" मी एकदा मधल्या सुट्टीत त्याला झापलं. "माझी पोरं क्रियापद सोडून खिदळत बसतात."

"बुरुल, अशा संख्या मोजक्याच आहेत," तो म्हणाला. "मागून एकेक अंक काढत जायचं आणि उरलेली दर वेळी अख्खीच. त्यांतली सगळ्यांत मोठी ही. हिच्यापुढे एकही नाही."

"मग? तिची आरती करू?"

तो हसला नाही. फडकं झटकत म्हणाला, "माझी वंशावळ आहे ती."

आम्हा किर्गिझांत पोरगं नीट बोलायला लागलं की आधी सात नावं पाठ करतं. बाप, आजा, पणजा, असं चढत सातव्यापर्यंत. ही नुसती घोकंपट्टी नव्हे. सातांच्या आत दोघांचा एखादा पुरुष एकच निघाला तर ती दोघं भाऊबहीण, त्यांचं लग्न होत नाही. मयताच्या दाराशी काठी घेऊन कोणी उभं राहायचं, तेही त्या सातांवरच ठरतं. ज्याला सात सांगता येत नाहीत त्याच्यासाठी आमच्या म्हाताऱ्यांकडे एक शब्द आहे. तो मी उच्चारत नाही.

एसेनगुलला एकही नाव सांगता येत नव्हतं. लढाईच्या काळात तो एका रेल्वे स्टेशनवर सापडला, शिपायाच्या कोटात गुंडाळलेला. नाव अनाथाश्रमातल्या दाईने ठेवलं. आश्रमातली मुलं गावच्या शाळेत जायची, आणि गावची पोरं त्यांना पाटाच्या पुलावर गाठून सात नावं विचारायची. एसेनगुल रोज मार खाऊन परतायचा. आश्रमात गणित शिकवायला एम्मा कार्लोव्हना नावाची एक जर्मन म्हातारी होती. लढाईत जर्मन म्हणून व्होल्गाकाठून हद्दपार होऊन आलेली. तिचंही घरदार मागेच राहिलं होतं. तिने ती संख्या त्याला दिली. "आठ अंक आहेत," ती म्हणाली. "शेवटचा तू. आधीचे सात तुझे. एकेक करत मागे जा. कुठेही मोडत नाही."

पोराने तिच्यावरही विश्वास ठेवला नाही. हा एसेनगुल! आश्रमाच्या कोळशाच्या कोठीत तो भिंतीवर कोळशाने भागाकार मांडत बसला. साडेआठ हजारांच्या पुढपर्यंत जितक्या मूळ संख्या आहेत तितक्यांनी भागून पाहायचं होतं. भिंत भरली की वर चुना फासायचा आणि पुन्हा काळी करायची. किती हिवाळे त्यात गेले त्यालाच ठाऊक. शेवटच्या भागाकारातही बाकी उरली तेव्हा आपण कोणाचे तरी आहोत असं त्याला पहिल्यांदा वाटलं, असं तो सांगायचा. मला ते ऐकून रडू आलं होतं आणि रागही आला होता. कोणाचा, ते आजही सांगता येत नाही.

त्याची बायको सालिमा त्याच आश्रमातली. तिलाही कोणी नावं विचारणारं नव्हतं, त्यालाही नव्हतं, त्यामुळे लग्न बिनबोभाट झालं. पण मुलगी रांगत होती तेव्हाच सालिमा गेली. ती मुलगी म्हणजे बेगाइम. अर्धी त्याच्या घरात वाढली, अर्धी माझ्या. तिचे केस मी ताकाने धुतलेत, तिच्या पहिल्या खोट्याबद्दल तिला मीच बदडलंय. एसेनगुलने पुन्हा लग्न केलं नाही. मोठी होऊन बेगाइम नर्स झाली, आणि दवाखान्यात घोड्यावरून पडलेला एक मुलगा मोडका पाय घेऊन आला. पाय जुळून आला तरी त्याच्या खेपा थांबेनात. त्याचं नाव तिलेक.

तिलेकचा बाप वारला होता. घरात शब्द चालायचा तो आजोबांचा. शार्शेन अक्साकाल. पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्याला आम्ही अक्साकाल म्हणतो, पण शार्शेनची गोष्ट वेगळी. घाटापलीकडच्या त्या खोऱ्यात त्याच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. तो येणार म्हटल्यावर आमच्या दोन्ही घरांत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मुलाकडच्या बाईने मुलीच्या कानात डूल घातले की लग्न ठरलं. आणि डूल घालण्याआधी शार्शेन सात नावं विचारणार, हे उघड होतं.

माझा नवरा जुमागुल ट्रक चालवतो. मनाने लोणी, डोक्याने ट्रकच. तो एसेनगुलला म्हणाला, "माझे सात घे. माझा बाप तुझाही बाप. मेलेली माणसं काय तक्रार करायला येतायत? बाजारात भेटलेल्या शार्शेनच्या पुतण्याला मी आधीच सांगून ठेवलंय, मास्तर आमच्याच घराण्यातला म्हणून."

"बघू," एसेनगुल म्हणाला.

"बघू काय? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!" मीही त्याच्यावर ओरडले. मला वाटत होतं, ह्या माणसाने निदान एकदा तरी खोटं बोलावं.

मुलाकडचे एसेनगुलच्या घरी आले. मेंढरू शिजलं होतं, जेवणाच्या फडक्यावर कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांची रास होती, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस ओतून झाला होता. तिलेकच्या आईच्या मुठीत पांढऱ्या रुमालात बांधलेले डूल होते. ती मूठ मला सगळा वेळ दिसत होती. बेगाइम पडद्यामागे बसली होती. जुमागुलने मानाचं हाड शार्शेनपुढे ठेवलं. शार्शेनने त्याला हात लावला नाही.

"मास्तर, आधी तुमचे सात सांगा," तो म्हणाला. "मग मी माझे सांगतो. मग पोटभर खाऊ."

जुमागुलने एसेनगुलच्या गुडघ्याला गुडघा लावला. एसेनगुलने आपला गुडघा बाजूला घेतला. मग म्हणाला, "मला माहीत नाहीत, अक्साकाल."

"किती माहीत नाहीत?"

"एकही माहीत नाही. मी स्टेशनवर सापडलो."

खोलीत कुजबुज झाली. शार्शेनने हळूच मान वळवून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "तुमचा हा शेजारी तर म्हणत होता, तुम्ही त्याच्या घराण्यातले. ते ऐकूनच मी आज निघालो. ह्याचा सहावा आणि माझा पाचवा एकच माणूस आहे. म्हणजे तुमची पोरगी आणि माझा नातू सातातच आले असते. तुम्ही ती नावं घेतली असती, तर मी तिथल्या तिथे उठलो असतो."

जुमागुलचं तोंड बघण्यासारखं झालं. औदार्याच्या भरात ह्या बाबाने पोरीला तिच्या नवऱ्याची बहीण करून ठेवलं होतं. मी कढईपाशी उभी होते. डाव हातात होता, आणि तो कोणाच्या डोक्यात घालावा हेच कळत नव्हतं.

"तुम्ही खरं बोललात," शार्शेन एसेनगुलला म्हणाला. "पण खऱ्यानेही माझी अडचण सुटत नाही. ज्याचे सात माहीत नाहीत, तो आमच्यातला नाही असं कोण सांगणार?"

"कोणी नाही," एसेनगुल म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. ते सिद्ध करता येत नाही."

वैऱ्यानेही पोरीची बाजू इतकी वाईट मांडली नसती. वर तो म्हणाला, "माझ्याकडे फक्त एक संख्या आहे," आणि आठ अंकांची ती कथा त्याने तिथे सांगितली. तिलेकच्या एका चुलत्याला हसू आलं. शार्शेनला आलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, कारण अन्नाचा अपमान तो करणार नव्हता, आणि उठला. जाताना आशीर्वादाला त्याने तळवे उघडले नाहीत. डूल ज्या मुठीत आले होते त्याच मुठीत परत गेले.

बेगाइम बाहेर आली आणि भांडी घासायला बसली. घासता घासता म्हणाली, "बाबा, दुसऱ्या कुठल्या तरी घराण्याची नावं घ्यायची होती. लांबच्या."

"घेतली असती आणि तीही चुकीची निघाली असती तर?"

"ते निदान तुमच्यामुळे झालं असतं," ती म्हणाली. "हे कोणामुळेच नाही." आणि मग ती रडली. एसेनगुल तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिला.

तिलेक तिला पळवून न्यायला तयार होता. आमच्याकडे तेही चालतं. बेगाइमने त्याला बजावलं, "मला चोरून नेलंस, तर माझ्या बापाच्या दारात तुझ्या घरचं कोणीही कधी येणार नाही. त्याला आधीच कोणी नाही." तो मान खाली घालून गेला. उन्हाळाभर एसेनगुलच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

कळप डोंगरावरून खाली उतरले, शाळा उघडली, आणि एके सकाळी मी खिडकीतून पाहते तो शार्शेन घोडा शाळेच्या झेंड्याच्या खांबाला बांधतोय. मी माझा वर्ग वाऱ्यावर सोडून एसेनगुलच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हातारा शेवटच्या बाकावर बसला होता, डोक्यावर उंच टोपी, मांडीवर चांदीच्या मुठीचा चाबूक.

"दाखवा तुमचे सात," तो म्हणाला.

एसेनगुलने खडू घेतला. आठ अंक वाकडेतिकडे आले.

"मोडा रे पोरांनो," शार्शेन म्हणाला. "जो मोडेल त्याला हा चाबूक."

चाबकासाठी पोरांनी काय काय नाही केलं! पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत पोरगी शेवटी वैतागून म्हणाली, "अक्साकाल, उगाच लालूच दाखवू नका. माझ्या थोरल्या भावापासून सगळ्यांनी करून पाहिलंय. ती मोडत नाही."

एसेनगुल एकेक अंक पुसत गेला. म्हातारा ओठ हलवत बरोबर मोजत होता, सात नावं मोजतात तसं. फळ्यावर सात उरला.

"आणि ह्याच्या मागे?"

"मागे काही नाही. तिथून सुरू होते."

"हं. माझ्याही सातव्याच्या मागचं मला धड माहीत नाही." तो बाकावरून पुढे वाकला. "पुन्हा सगळी लिहा. आता पुढे एक अंक लावा."

"लावता येत नाही, अक्साकाल."

"का?"

"सम अंक लावला तर दोनाने भाग जातो. पाच लावला तर पाचाने. एक किंवा सात लावला तर तिनाने. राहतात तीन आणि नऊ. त्यांना मोडायला मला फार वेळ लागला, पण मोडतात. काहीही लावा, अख्खी राहत नाही." एसेनगुलने खडू खाली ठेवला. "ही इथे संपते."

शार्शेन फळ्याकडे पाहत राहिला. "तुम्हाला मुलगा नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही. बेगाइम आहे. तिला मुलं झालीच, तर ती दुसऱ्या कोणाची तरी नावं सांगतील. ते तसंच असायला हवं."

म्हाताऱ्याने चाबूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मी त्या स्टेशनवर जाऊन आलो," तो म्हणाला. "आश्रम होता तिथेही. भेटेल त्या म्हाताऱ्याला विचारलं. हा आमचा आहे असं कोणी म्हणालं नाही, तुमचा नाही असंही कोणी म्हणालं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं. नाही कळलं. घरी नातू जेवत नाही, आणि मी आजवर खोटी नावं सांगणाऱ्या घरांतही सोयरिकी करून बसलोय, खरं बोललात ते तुम्हीच." तो उठला. "उद्या सूनबाई डूल घेऊन येईल. पाप असलं तर ते माझ्या डोक्यावर. पोरांच्या नाही, तुमच्याही नाही. इथे सगळ्यांसमोर सांगतो."

त्याने तळवे उघडले. वर्गातल्या सगळ्या पोरांनीही उघडले, मीही उघडले. त्याने आशीर्वाद म्हटला आणि आम्ही सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. एसेनगुल फळ्याकडे तोंड करून उभा होता.

डूल घातले गेले, लग्न झालं, वर्ष-दोन वर्षांत नातूही झाला. तो शार्शेनची सात नावं शिकला आणि आमच्याकडे आला की आजोबांना म्हणून दाखवायचा. एसेनगुल मन लावून ऐकायचा आणि चुकलं तर दुरुस्त करायचा. त्या घराण्याची नावं त्याला आता त्यांच्यापेक्षा नीट पाठ होती. शाळेतला पहिला दिवस मात्र होता तसाच राहिला. खडू, बाही, आरडाओरडा. मी झापणं सोडून दिलं होतं.

मग एका हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ धरला आणि वसंत येईपर्यंत तो टिकला नाही.

अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा केला, त्यात त्याला ठेवलं. आमच्याकडे बायका तंबूत मयतापाशी बसून रडतात, आणि रक्ताचे पुरुष बाहेर दाराशी काठीवर वाकून मोठ्याने शोक करतात. येणारे लोक तो आवाज ऐकत येतात. तो आवाज म्हणजे मेलेल्याचं घराणं. जावई आणि व्याही पाहुण्यांत मोडतात, त्यांना शेजारच्या घरी बसवून जेवू घालतात. मी बेगाइमला धरून आत बसले होते. तंबूत बायका होत्या. बाहेर काहीच नव्हतं. लोक यायचे, दाराशी घुटमळायचे, पायांचे आवाज व्हायचे आणि थांबायचे. जुमागुलने काठी घेतली होती, पण मुल्लाने त्याला समजावलं की शेजारी तिथे उभा राहत नाही. बेगाइमच्या तोंडून रडणं बाहेर पडत नव्हतं. बाहेर आवाज नसताना आत कसं रडायचं, ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

मग घोड्याच्या टापा आल्या, भरधाव. आणि एक पिचलेला, म्हातारा आवाज, "माझ्या धाकट्या रे! माझ्या पाठच्या भावा रे!"

मी नमद्याचा पडदा सारून पाहिलं. शार्शेन होता. ऐंशीच्या पलीकडे गेलेला तो माणूस घोड्यावरून उतरला, कमरेला शेला आवळला आणि सरळ दाराशी येऊन उभा राहिला.

"अक्साकाल," मुल्ला त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "तुम्ही व्याही. तुमची जागा पाहुण्यांत. इथे रक्ताचा माणूस लागतो."

"ह्याचे सात कोणाला माहीत आहेत?" शार्शेनने विचारलं.

मुल्लाने नकारार्थी मान हलवली.

"मग हा आमच्यातला नाही असं कोण सांगणार?"

मुल्ला खालच्या आवाजात म्हणाला, "पण मग ते लग्न, अक्साकाल..."

"ते माझ्या डोक्यावर आहे. काठी आण."

जुमागुलने हातातली काठी त्याला दिली. शार्शेन तिच्यावर वाकला आणि मोठ्याने रडायला लागला, भावासाठी रडतात तसं. तेव्हा कुठे आत बेगाइमने तोंड उघडलं, आणि आम्ही सगळ्या तिच्याबरोबर रडलो.